हिशेबात न येणारी तार

वायरिंगची मजुरी पॉइंटवर ठरते. बल्बचा एक पॉइंट, पंख्याचा एक, प्लगचा एक. पॉवर प्लगचा दर थोडा जास्त. मालक भिंतीकडे बोट दाखवत जातो, मी वहीत मांडत जातो, आकडा जुळला की काम सुरू होतं. या मोजणीत अर्थिंगची हिरवी तार कुठेच येत नाही. ती नसली तरी बल्ब लागतो, पंखा फिरतो, कंप्रेसर हवा भरतो. कोहमारा आणि आजूबाजूच्या गावांत घरालगतच्या गॅरेजांचं, गाडी-ट्रॅक्टर ठेवायच्या शेडांचं वायरिंग करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. या धंद्याने मला जे शिकवलं, त्यातलं बरंचसं या न मोजल्या जाणाऱ्या तारेने शिकवलं.

कोहमारा हे सडक अर्जुनी तालुक्यातलं रस्त्यावरचं गाव. मुंबई-कोलकाता महामार्ग, म्हणजे पूर्वीचा सहा नंबर आणि आताचा ५३, साकोलीकडून येतो आणि देवरीकडे जातो. इथूनच एक रस्ता गोरेगाववरून गोंदियाला फुटतो, दुसरा नवेगावबांधकडे. चौक म्हटला की ट्रक आले, टायर आले, पंक्चरवाले आले. इथली पोरं महामार्गावरच्या एखाद्या मिस्त्रीच्या हाताखाली काम शिकतात आणि हात बसला की स्वतःच्या घराला लागून गॅरेज टाकतात. त्यासाठी वेगळी जागा कोणी घेत नाही. घराच्या भिंतीला टेकून टिनाचं शेड उतरवायचं, पुढे मोटारसायकली, मागे धानाची पोती, पलीकडे बैलांचा कोठा. एकाच छपराखाली पेट्रोल, लोखंड, धान, धानामागे आलेले उंदीर आणि ओल्या पायांची जनावरं. बैठकीच्या खोलीतल्या वायरिंगपेक्षा इथलं वायरिंग कितीतरी जास्त जबाबदारीचं असतं. पण लोक त्याला हलकं काम समजतात. "शेडच तर आहे, एक लाइन ओढून द्या ना भाऊ," हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकलं आहे.

काम मी शिकलो ते वस्तादाच्या हाताखाली. तेव्हा भिंतीवर लाकडी बॅटन ठोकून, क्लिपा मारून त्यात वायर बसवायची पद्धत होती. वायर ओळखायची ती गेजवरून, 'तीन-बावीस', 'सात-वीस' अशी. सात-वीस म्हणजे वीस गेजच्या सात तारा, आजच्या चार एमएमच्या जवळपास. दिवाळीनंतर मंडईचा, म्हणजे गावोगावच्या जत्रांचा, हंगाम आला की रात्रभराच्या नाटकांना जनरेटरवरून लाइन ओढायला वस्ताद मला सोबत न्यायचे. धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत मंडप पडायचा. पहाटेपर्यंत दव पडून जमीन ओली व्हायची आणि शेकडो माणसं, लहान पोरं अंधारातून ये-जा करायची. वस्तादांचा नियम कडक होता. वायर जमिनीवर पडता कामा नये, बांबूवर चढवायची; आणि माणसाचा हात पोचेल तिथे जॉइंट ठेवायचा नाही. आपण जोडलेली लाइन आपल्याला कधीही न भेटलेल्या माणसाच्या पायाखाली येते, हे मला तिथे कळलं.

त्यांचा दुसरा नियम स्विचचा. "बाबू, मालक सांगते स्विच बंद आहे, म्हणून तार मेली समजायची नाही. आपण पाहायचं." स्विच बंद केला आणि दिवा विझला, यावरून होल्डरमध्ये करंट नाही असं म्हणता येत नाही. स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर बसवला असेल तर दिवा विझतो, पण फेज होल्डरपर्यंत तसाच येऊन थांबलेला असतो. जुन्या घरांत असे उलटे स्विच आजही निघतात. म्हणून आधी टेस्टर, मग टेस्ट लॅम्प, आणि मगच हात. टेस्टर एकटा पुरत नाही. त्यातला दिवा अंगातून जाणाऱ्या अगदी थोड्या करंटवर पेटतो. लाइनमध्ये खरा दम आहे की नुसता चाटून आलेला व्होल्टेज, हे टेस्ट लॅम्पच सांगतो.

पुढे आयटीआयमधून तारतंत्रीचा कोर्स केला, परवाना घेतला, कागदोपत्री वायरमन झालो. नियम काय आहेत हे तिथे समजलं आणि ते कुठे पोचत नाहीत हेही समजलं. नवं वीज कनेक्शन घेताना परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो. पण तो रिपोर्ट घराचा असतो. शेड उभं राहतं दोन-चार वर्षांनी, आणि घरातल्याच एखाद्या प्लगमधून वायर काढून खिडकीतून तिकडे नेली जाते. त्या लाइनची तपासणी कोणी करत नाही, तिचा रिपोर्ट कोणी मागत नाही. घरातली सगळ्यात धोक्याची लाइन सगळ्यात कमी डोळ्यांखालून गेलेली असते.

एका तरुण मिस्त्रीचं गॅरेज आठवतं. दोन एचपीचा कंप्रेसर त्याने हौसेने आणला होता. सकाळी तो व्यवस्थित चालायचा, संध्याकाळी मात्र नुसता घूं-घूं करून बसायचा. मोटार रिवाइंड करून आणली तरी तेच. मला बोलावलं तेव्हा पोरगा रडवेला झाला होता, कारण कर्जाचा हप्ता त्या कंप्रेसरवर होता. मोटारीत दोष नव्हताच. घरापासून शेडपर्यंत तीस मीटर लाइन होती आणि ती दीड एमएमच्या वायरने ओढलेली होती. दोन एचपीची मोटार चालताना साधारण दहा अँपिअर घेते, पण उठताना त्याच्या सहापट. दीड एमएमच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला बारा ओहमच्या आसपास असतो. जाऊन-येऊन साठ मीटर धरले तर पाऊण ओहमच्या जवळ. साठ अँपिअर मागितले की चाळीसेक व्होल्ट वायरमध्येच खर्च होतात. संध्याकाळी शेतांतले पंप सुरू असताना इथे व्होल्टेज आधीच दोनशेवर आलेला. त्यातून चाळीस गेले की मोटारीला उरतात एकशे साठ. आणि मोटारीची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने उतरते, म्हणजे जवळजवळ निम्मी. ती उठणार कुठून?

बरं, उठताना सोळा अँपिअरची एमसीबी पडते म्हणून कोणीतरी तिथे बत्तीसची बसवून ठेवली होती. हे त्याहून वाईट. एमसीबी असते वायरला सांभाळण्यासाठी. दीड एमएमच्या वायरवर बत्तीसची एमसीबी म्हणजे आधी वायर जळणार, मग एमसीबीला कळणार. मी मीटरपासून शेडपर्यंत चार एमएमची स्वतंत्र लाइन ओढली, मोटारीचा झटका सोसणारी सी प्रकारची एमसीबी लावली, आणि कंप्रेसर त्याच संध्याकाळी उठला. वायरची जाडी मालकाच्या खिशावरून ठरत नाही, लोड आणि अंतर यांच्यावरून ठरते, हे तेव्हापासून मी काम घेण्याआधीच सांगतो. वायर घेताना बंडलवरचा आयएसआय मार्क पाहायचा, टोक सोलून आतल्या तारा मोजायच्या. नावाला अडीचची आणि आत तांबं कमी, अशी वायर बाजारात मिळते.

पण माझं काम खऱ्या अर्थाने बदललं ते एका बैलामुळे.

धानाच्या रोवण्याचे दिवस होते. पाऊस लागून राहिला होता. एका शेतकऱ्याच्या घरी गॅरेजच्या शेडला लागूनच कोठा होता. संध्याकाळी बैल शेतातून आले, त्यातला एक शेडच्या लोखंडी खांबाला घासला आणि जागेवर कोसळला. सोडवायला कोणी धावायच्या आत गेला. दुसऱ्या दिवशी मला बोलावलं. लाइन मी केलेली नव्हती. आधीच्याने केलेली होती. वायर टिनाच्या कडेवरून आत घेतली होती, पाइप न घालता. वाऱ्याने टिन हलतं, टिनाची कड धारेची असते. महिनोन्‌महिने घासून वरचं प्लास्टिक कापलं गेलं आणि फेज टिनाला लागला. टिन, छपराची कैची, खांब, सगळं शेड जिवंत झालं होतं.

घरच्या बाईंनी मला जे सांगितलं ते मी विसरू शकत नाही. पंधरवड्यापासून खांबाला हात लागला की मुंग्या येत होत्या. पायात रबरी चप्पल होती म्हणून माणसांना नुसत्या मुंग्या. बैलाचे चारही पाय चिखलात, खूर ओले, त्याला चप्पल कोण घालणार? करंट अंगातून छातीकडून पायांत उतरला. त्याच खांबाला धरून त्यांची शाळकरी मुलगी रोज सायकल लावायची.

घरधनी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होते, "एमसीबी होती ना गा, ती काहून नाही पडली?" त्याचं उत्तर मी आज प्रत्येक घरात देतो. खांब जमिनीत होते, करंट मातीत उतरतही होता. पण मातीचा रोध पन्नास ओहम धरला तर दोनशे तीस व्होल्टला करंट जातो साडेचार अँपिअर. सोळाच्या एमसीबीच्या दृष्टीने हा एखाद्या इस्त्रीचा लोड आहे. ती का पडेल? माणसाला किंवा जनावराला मारायला मात्र अँपिअरचा दहावा हिस्साही पुरे होतो. एमसीबी वायर वाचवते. जीव वाचवायला दोन गोष्टी लागतात. एक, शेडचा प्रत्येक लोखंडी भाग आणि प्रत्येक प्लगची मोठी पिन चांगल्या अर्थिंगला जोडलेली. दुसरी, तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने पूर्ण परत येतो की नाही, हे ती सतत ताडत असते. तीस मिलिअँपिअरचा फरक पडला की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत लाइन तोडते. त्या शेडला ती असती तर पहिल्याच दिवशी लाइट गेली असती, घरच्यांनी वायरमनला बोलावलं असतं, आणि बैल रोवण्याला उभा राहिला असता.

त्यानंतर मी माझ्या वहीची पद्धत बदलली. पहिली ओळ अर्थिंगची, दुसरी आरसीसीबीची, मग पॉइंट. या दोन ओळी खोडायच्या असतील तर काम दुसऱ्याला द्या, असं मी स्पष्ट सांगतो. काही कामं त्यामुळे हातची गेली, आणि त्या महिन्यांत घरात ओढाताण झाली, हे खरं आहे. पण आरसीसीबीची किंमत मोटारसायकलच्या एखाद्या टायरच्या आसपास येते. टायर झिजला की बदलणारा माणूस इथे का मागे हटतो, हे मी शांतपणे बसून विचारतो. बहुतेक वेळा असं दिसतं की त्याला ते कधी कोणी समजावूनच सांगितलेलं नसतं.

अर्थिंगच्या नावाखाली काय काय चालतं, हेही सांगितलं पाहिजे. सगळ्यात घातक प्रकार म्हणजे प्लगच्या मागे न्यूट्रल आणि अर्थची पिन यांना एका तुकड्याने जोडून टाकणं. टेस्ट लॅम्प लावला तर फेज आणि अर्थमध्ये झकास पेटतो, मालक खूश होतो. मग वादळात खांबावरून येणारा न्यूट्रल तुटतो. घरात लाइट नाही म्हणून लोक बेफिकीर असतात, आणि त्याच वेळी स्विच चालू राहिलेल्या बल्बमधून फेज न्यूट्रलवर येतो, न्यूट्रलवरून त्या तुकड्याने अर्थच्या पिनवर, आणि तिथून ग्राइंडरच्या, ड्रिलच्या, कंप्रेसरच्या लोखंडी अंगावर. अंधारात हात लावणाऱ्याला काहीच कल्पना नसते. असे तुकडे मी जिथे दिसतील तिथे काढतो, त्या कामाला बोलावलं नसलं तरी.

दुसरा प्रकार उन्हाळ्याचा. खड्डा खणून अडीच मीटरचा गॅल्व्हनाइज्ड पाइप पुरला, कोळसा-मीठ भरलं, पावसाळ्यात मोजलं तर उत्तम. तोच पाइप मे महिन्यात मोजावा. आमच्याकडची मुरमाड जमीन कडक वाळते आणि रोध कितीतरी वाढतो. म्हणून पाइपच्या तोंडाशी फनेल ठेवून उन्हाळाभर पाणी घालायला सांगतो. ज्या घरात हे काम बाईमाणसाकडे किंवा मुलांकडे दिलं जातं, तिथे ते नेमाने होतं. एका घरी नाहाणीचं पाणीच त्या खड्ड्याकडे वळवून घेतलं आणि प्रश्न कायमचा मिटला.

गॅरेजची म्हणून एक वेगळी शिकवण आहे, ती घरगुती वायरिंगमध्ये कळत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती वर जात नाही, जमिनीलगत पसरते, गाडीखालच्या खड्ड्यात साचते. स्विच दाबताना, प्लग काढताना ठिणगी पडतेच. म्हणून गॅरेजमध्ये कुठलाही प्लग किंवा स्विच मी कमरेच्या खाली बसवत नाही, आणि खड्ड्याच्या भिंतीत तर पॉइंट देतच नाही. खड्ड्यात उतरून काम करणाऱ्याच्या हातात दोनशे तीस व्होल्टचा हँड लॅम्प दिसला की माझ्या पोटात गोळा येतो. अंग घामाने ओलं, चारी बाजूंनी लोखंड आणि माती, सुटायला जागा नाही. कारखान्यांसाठीच्या कायद्यात बंदिस्त जागेतल्या हातदिव्याला २४ व्होल्टची मर्यादा घातलेली आहे. घरचं गॅरेज त्या कायद्यात येत नसेल, पण माणसाचं शरीर तेच आहे. आता बॅटरीवरचे एलईडी दिवे स्वस्त झाले आहेत. खड्ड्यात तेच वापरावेत.

बॅटरी चार्जिंगचं याच्या उलट. ॲसिडची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, तो हलका, वर जाऊन छपराखाली जमतो. हवेत चार टक्के झाला तरी पेट घेऊ शकतो. म्हणून चार्जिंगची जागा उघडी, वर झरोका असलेली हवी. आणि बॅटरीचे चिमटे काढण्याआधी चार्जर बंद करायचा, नाहीतर ठिणगी नेमकी तिथेच पडते.

सगळीच कामं घ्यायची नसतात, हेही याच भागाने शिकवलं. आमच्या एका अंगाला नवेगावचं जंगल, दुसऱ्या अंगाला नागझिऱ्याचं. २०१३ पासून दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प आहे. रानडुकरं धानाची नासाडी करतात, शेतकऱ्याचा जीव मेटाकुटीला येतो, हे मी जवळून पाहिलं आहे. एकदा एका शेतातल्या शेडचं काम सुरू असताना बोलता बोलता मागणी आली, की शेडमधून एक नागडी तार बांधावरून फिरवून द्या, फक्त रात्रीपुरती. मी हत्यारं पिशवीत भरली. अशा तारेला डुक्कर, वाघ, शेजाऱ्याचा मुलगा यांतला फरक कळत नाही. नागझिऱ्यातून उमरेड-करांडल्याला गेलेल्या 'जय' वाघाचा बछडा 'श्रीनिवास' २०१७ मध्ये नागभीडजवळ अशाच तारेने मारला गेला. पहाटे पाणी पाहायला निघालेली माणसंही अशा तारांनी गेली आहेत. त्या शेतकऱ्याला मी सौर कुंपणाची माहिती दिली. त्यात करंट क्षणभराच्या ठोक्यांनी येतो, जनावर दचकून मागे फिरतं, मरत नाही. वायरमनच्या हातात जे ज्ञान असतं, ते कुठे वापरायचं नाही हे त्यालाच ठरवावं लागतं. तिथे विचारायला कोणी येत नाही.

आता शेडांमध्ये इलेक्ट्रिक स्कूटर येऊ लागल्या आहेत. हा नवा लोड मोठा नाही, पण लांब चालणारा आहे. चार-पाच तास सलग करंट ओढला की सैल स्क्रू तापतो, प्लग पिवळा पडतो, मग काळा. घरात कुठेतरी मोबाइलचा चार्जर लागतो त्याच छोट्या प्लगला एक्स्टेंशन लावून स्कूटर चार्ज करणारी घरं मी पाहतो. तिला सोळा अँपिअरचा स्वतंत्र प्लग, अडीच किंवा चारची वायर, स्वतःची एमसीबी आणि मागे आरसीसीबी, एवढं द्यायलाच हवं. उंदीर आहेत तिथे वायर पाइपातूनच न्यावी, आणि पाइपची तोंडं बंद करावीत.

माझ्या हाताखाली आता पोरं शिकतात. ती माझ्यापेक्षा हुशार आहेत. मोबाइलवर बघून सर्किट समजून घेतात, मीटर झटक्यात वाचतात. त्यांना मी एकच गोष्ट आग्रहाने शिकवतो. दिवा लागला म्हणजे काम झालं, असं मालक म्हणेल. आपण म्हणायचं नाही. प्रत्येक प्लगचा अर्थ तपासायचा, आरसीसीबीचं 'टी' बटण दाबून मालकाच्या देखत ती पाडून दाखवायची, आणि ते बटण दर महिन्याला दाबायला घरातल्या एका माणसाला शिकवून यायचं. शक्यतो घरच्या बाईला, कारण शेड झाडायला तीच जाते, अनवाणी, पहाटे, सगळ्यांच्या आधी.

शेड उभारायचा विचार असेल तर टिन आणायच्या आधी परवाना असलेल्या वायरमनला बोलवा. लाइन मीटरपासून वेगळी घ्या, टिनाच्या कडेवरून वायर पाइपाशिवाय नेऊ देऊ नका, खांब अर्थिंगला जोडून घ्या. आणि आज उभ्या असलेल्या शेडच्या खांबाला, कंप्रेसरला, नळाला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर त्याची सवय करून घेऊ नका. मेन स्विच बंद करा आणि दोष सापडेपर्यंत बंदच ठेवा, मग त्या दिवसाचं गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल.